नाव काय म्हणालात?

या पानावर दर आठवड्याला भेटणाऱ्या वाचकांना माझ्या प्रवासाचा आवाका पुरता ठाऊक आहे. मौदा ते नागपूर आणि नागपूर ते मौदा! भंडारा रस्त्यावरची एस.टी., कन्हान नदीवरचा पूल, माथनीचा टोलनाका आणि पुढे पारडीची गर्दी. एवढ्या तीस-पस्तीस किलोमीटरांत माझा भूगोल आटोपतो. विमाने मात्र आमच्या आभाळातून पुष्कळ जातात. देशाच्या मध्यावर राहण्याचा हा एक फायदा. मुंबईहून कलकत्त्याला निघालेला माणूस आमच्या डोक्यावरून जातो. तोटा एवढाच, की तो आमच्यासाठी खाली उतरत नाही.

उभ्या आयुष्यात मी तीनदा विमानात बसलो आणि तिन्ही वेळा विमान सुटण्याच्या चार तास आधी विमानतळावर जाऊन बसलो. रोज उडणारा मनुष्य कसा, हातात एक बॅग घेऊन नाटकगृहात शिरावे तसा आत जातो. क्वचित उडणाऱ्याची गत निराळी. लग्नघरात वधूपित्याने दागिन्यांची पेटी चाचपावी, तसा तो दर पाच मिनिटांनी खिसा चाचपतो. तिकीट आहे, ओळखपत्र आहे, हे डोळ्यांना दिसत असते; पण बोटांची खात्री पटत नाही. बरे, ही माझी दशा देशातल्या देशात. परदेशी जाण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. तो आला माझ्या आईवर, तिच्या वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, २०२३ साली.

माझी धाकटी बहीण शारजाला असते. लग्नानंतर आठ वर्षांनी तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. परंतु तिच्या डॉक्टरांनी प्रवास वर्ज्य सांगितला. रात्री फोनवर ती बराच वेळ काही बोलेना. मग एवढेच म्हणाली, "दादा, मला येता येत नाही रे." माझ्या शेजारी बसलेल्या आईने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "तू काहून येतेस? मी येतो म्हणजे झालं." (आमच्याकडच्या जुन्या बायका 'येतो' म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी समजून घ्यावे.) लेकीला माहेरी येता येत नाही, तर माहेरानेच उठून लेकीकडे जायचे, असे ठरले. आता माहेराला पासपोर्ट काढायचा होता.

पासपोर्टाचा अर्ज हल्ली घरबसल्या भरता येतो. मी मराठीचा प्राध्यापक. अर्जाला काय भितो? पहिलाच रकाना होता नावाचा, आणि तिथेच माझी लेखणी अडली.

कारण आईची कागदपत्रे मी टेबलावर मांडली, तेव्हा त्यांत एक बाई सापडेना, चार सापडल्या. शाळेच्या दाखल्यावर होती ती एक मुलगी, सातवी उत्तीर्ण, नाव एका फुलाचे, पुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. बँकेच्या पुस्तकात होती ती एका नदीच्या नावाची गृहिणी, पुढे माझ्या वडिलांचे नाव. आधार कार्डावर त्या नदीला 'बाई' जोडलेले होते. आणि मतदार यादीत त्या नदीचे असे काही अक्षरलेखन झाले होते, की ती कोणत्या प्रांतातून वाहते हे सांगणे कठीण. (नावे मी सांगत नाही. आईला ते आवडणार नाही, आणि या गोष्टीत त्यांची गरजही नाही.)

फुलाची नदी कशी झाली, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यावर नवे नाव काढायचे, पेढे वाटायचे. की जुने नाव संपले. आईच्या लग्नात हेच झाले. एकोणीस वर्षांचे नाव पाच मिनिटांत तांदळात विरघळले. त्या तांदळाचे पुढे काय झाले, असे मी एकदा आईला विचारले होते. ती म्हणाली, "भात झाला असेल, दुसरं काय?"

तांदळावरचे नाव सरकार मानीत नाही. त्याला कागद लागतो. वाटेने लागलेले शहाणपण वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टाचे नियम बरेच सैल झाले. शाळा सोडल्याचा दाखला जन्मतारखेसाठी चालू लागला आणि विवाहाचे प्रमाणपत्र जोडण्याची सक्ती गेली. पण दाखल्यावर एक बाई आणि आधार कार्डावर दुसरी असेल, तर त्या दोघी एकच, हे कुणीतरी सांगावे लागते. आम्ही प्रतिज्ञापत्र केले आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात आईचे नाव बदलल्याची जाहिरात दिली. लग्नानंतर सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी महाराष्ट्र शासनाने जाहीर केले, की हे फूल यापुढे नदी म्हणून ओळखले जाईल. आईने तो कागद दोनदा वाचला. "आता पक्कं झालं म्हणायचं," एवढेच म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

त्या आठवड्यात मला सारखी आनंदीबाई जोशी आठवत होती. माहेरची यमुना, लग्नानंतर आनंदी. नवरा गोपाळराव टपाल खात्यात. १८८३ च्या एप्रिलमध्ये ही अठरा वर्षांची मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि वैद्यक शिकायला अमेरिकेला गेली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. अमेरिकेत आडनावाची अक्षरेही थोडी निराळी झाली. शेवटी दोन 'ई' आले, आणि न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी येथे जिथे तिच्या अस्थी ठेवल्या आहेत, तिथल्या दगडावर तसेच ते कोरलेले आहेत. तीन ठिकाणी तीन नावे. आज ती निघाली असती, तर विमानतळाच्या दारातून परत आली असती! पण १९१४ च्या महायुद्धापूर्वी सर्वसाधारण प्रवाशाला पासपोर्टाची सक्ती नव्हती. तिला समाजाने अडवले, लोकांनी दगड मारले. नावाच्या स्पेलिंगवरून मात्र कुणी अडवले नाही. आमच्या आईला समाज काही म्हणाला नाही. उलट अख्खी गल्ली पत्ता लिहून द्यायला आली. तिला अडवू शकत होते ते फक्त एक अक्षर.

हा पासपोर्ट म्हणजे मोठी मौजेची वस्तू आहे. १९६७ पर्यंत तो सरकारच्या मर्जीची गोष्ट होती. द्यावा वाटला तर द्यावा. त्या वर्षी एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परदेशी जाणे हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्यावाचून तो अडवता येणार नाही. मग जूनमध्ये पासपोर्टाचा कायदा आला. म्हणजे जाण्याचा हक्क आपला. परंतु ती पुस्तिका आपली नव्हे! कायद्याने ती केंद्र सरकारची मालमत्ता. आपण नुसते सांभाळायचे. आईला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मंगळसूत्रासारखंच की!" यावर मराठीच्या प्राध्यापकालाही काही सुचले नाही.

पासपोर्ट आला. फोटोत आई तक्रार घेऊन आल्यासारखी दिसत होती. पण फोटोत हसू नये असा दंडक आहे, त्याला इलाज नाही. फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, पाहिल्या असतील. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ जागा. त्या माणसासाठी नसून यंत्रासाठी असतात. वरच्या ओळीत देश, मग आडनाव, मग कोनासारख्या दोन खुणा, मग नाव. आणि उरलेल्या जागी पुन्हा त्याच खुणा, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. जगभर हीच पद्धत. २४ नोव्हेंबर २०१५ पर्यंत हाताने लिहिलेले जुने पासपोर्ट बाद करावेत, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवले होते. आपल्याकडे मनुष्य आधी स्वतःचे नाव सांगतो, मग बापाचे वा नवऱ्याचे, आणि शेवटी आडनाव. यंत्राला आडनाव आधी हवे. मधल्या बाप-नवऱ्याला तिथे स्वतंत्र खोलीच नाही. तो नावाच्याच खोलीत दाटीवाटीने राहतो.

इकडे मला नव्या काळज्या. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून नियम केला होता, की ज्याच्या पासपोर्टावर नावाचा एकच शब्द आहे, त्याला भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. आपल्याकडे नुसते नाव लावणारी माणसे थोडी आहेत काय? कितीतरी घरांत त्या आठवड्यात धाबे दणाणले असेल. आईचे आडनाव जागेवर होते. मग दुसरी काळजी: आई दहावी झालेली नाही, आणि अमिरातीत कामाला जाणाऱ्या दहावी न झालेल्या माणसाला सरकारची परवानगी लागते. शोधता शोधता कळले, की पन्नाशी उलटलेल्याला ती अट नाही. शिवाय आई काही कामाला चालली नव्हती. निदान पगारी कामाला तरी नव्हती. मग तिसरी: पासपोर्टाची मुदत सहा महिने शिल्लक हवी. अहो, तो कालच निघाला आहे, दहा वर्षे चालेल! पण काळजीला कॅलेंडर कळत नाही.

आणि खरी चूक कोपऱ्यात बसून माझी वाट पाहत होती. बहिणीने तिकडून तिकीट काढून पाठवले. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्याचा उपयोग असा एकदाच झाला. रात्री अकरा वाजता पासपोर्ट एका हातात आणि तिकीट दुसऱ्या हातात घेऊन मी अक्षर अक्षर जुळवीत होतो, आणि थबकलो. तिकिटावर नदी होती, 'बाई' नव्हती. लेकीने आईचे नाव आठवणीने लिहिले होते, आणि आठवणीत कुणाची आई 'बाई' असते? विमान आठ दिवसांवर होते. मी रात्रभर जागा. सकाळी बहिणीने कंपनीला कळवले, आणि दोन दिवसांत 'बाई' सन्मानाने आपल्या जागी येऊन बसली. वाचकहो, एवढे लक्षात ठेवा: तिकीट काढताना नाव आठवणीने लिहू नका, पासपोर्ट समोर ठेवून लिहा. आणि चूक दिसली, तर ती दिसली त्याच दिवशी कळवा. विमानतळावर जाऊन तोंडी समजूत घालण्याच्या भरवशावर राहू नका.

आता सामान. बाळंतिणीसाठी आईने डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा अशी बांधाबांध केली होती. त्यात खोबऱ्याच्या वाट्या. सुके खोबरे विमानाच्या शास्त्रात धोक्याच्या मालात मोडते, हे मला त्याच वेळी समजले. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते; जगाच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांकसुद्धा आहे. वाट्या निघाल्या. पण मोठा घोर पुढेच होता. डिंकाचे पन्नास लाडू डब्यात भरून तयार होते, आणि लाडवांत खसखस होती. अमिरातीत खसखस हा बंदी असलेला माल आहे; तिथला कायदा तिला अफूच्या घरची समजतो आणि तिच्यापायी माणसे अडचणीत आलेली आहेत. मी आईला हे सांगितले. सदुसष्ट वर्षांची बाई, दोन दिवस खपून वळलेले लाडू! ती मुकाट्याने उठली, डबा शेजारणीकडे पोचवला आणि रात्री पुन्हा कढई चढवली. "खसखशीवाचून लाडू होतो," ती म्हणाली, "पोरीवाचून आजी होत नाही."

डिसेंबरच्या त्या रात्री आम्ही निघालो. नागपूरहून शारजाला तेव्हा थेट विमान होते, पहाटेचे. मी अर्थातच संध्याकाळीच निघायचे म्हणत होतो. आईने जेवण झाल्याशिवाय पाऊल उचलले नाही. गाडीत मी तिची शिकवणी घेत होतो. पासपोर्ट कुठे? पिशवीत. व्हिसाची प्रत? पिशवीत. पातळ पदार्थ हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होते. नाव विचारले, तर पासपोर्टावरचे सांगायचे, 'बाई'सकट. ती "हो, हो" म्हणत होती आणि बाहेर पाहत होती. वर्धा रस्त्याला लागलो, तशी एकाएकी म्हणाली,

"बाबा रात्रीचे इथंच यायचे."

बाबा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. टपाल खात्यात होते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळी उशिरा डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास आमच्या सोनेगावला एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई, उतारूही बदलत, आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परत. पुढे पुष्कळ वर्षे, थेट १९७० च्या दशकापर्यंत, हा रात्रीचा बाजार सोनेगावला भरत असे. दिल्लीची आई मद्रासच्या मुलाला जे लिही, ते आमच्या नागपूरच्या अंगणातून जाई. आजोबा त्या थैल्यांपैकी होते. रात्रपाळी करून सकाळी सायकलवर घरी येत. देशातल्या चार दिशांची पत्रे त्यांच्या हातांखालून गेली. ते स्वतः विमानात कधी बसले नाहीत.

"बाबा म्हणायचे," आई सांगू लागली, "पत्ता बरोबर असला, की पत्र हरवत नाही. नाव थोडं चुकलं तरी चालतं."

मी मनात म्हटले, आजोबा, तो काळ गेला!

विमानतळाच्या दारात आमचा वियोग झाला. पोचवायला आलेल्याला आत जाता येत नाही. दारातल्या जवानाने पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिले, आईचे तोंड पाहिले आणि मान हलवली. बहिणीने चाकाच्या खुर्चीची सोय सांगून ठेवली होती. "मले काय झालं?" म्हणून आई पायीच निघाली. काचेपलीकडे तिचे जांभळे लुगडे थोडा वेळ दिसले, मग गर्दीत मिसळले. रेल्वेच्या फलाटावर निदान खिडकीपर्यंत जाता येते, पाण्याची बाटली देता येते. इथे काचेवर आपलेच तोंड दिसते. ज्या बाईने मला बोट धरून शाळेत सोडले, ती आज एकटी आत गेली होती, आणि मी बाहेर उभा राहून खिसा चाचपत होतो. खिशात काहीही नव्हते.

तासाभराने फोन वाजला.

"झालं," आई म्हणाली. "सामान गेलं. चिठ्ठीवर 'नाग' लिहिलंय बघ."

नागपूरची विमानतळाची तीन अक्षरे तीच आहेत. आमच्या नाग नदीला जगाने एवढी तरी ओळख दिली.

"काही अडचण?"

"अडचण नाही. पोरगी चांगली होती. तिनं विचारलं, आजी, नाव काय म्हणालात? मी सांगतलं."

"काय सांगितलंस?"

"माझं."

"म्हणजे कोणतं?"

"अरे बापा, माझं!"

मी कपाळाला हात लावला. एवढी शिकवणी, राजपत्र, प्रतिज्ञापत्र, तिकिटावरची दुरुस्ती, आणि ऐन वेळी या बाईने फुलाचे नाव सांगितले होते! त्या मुलीने म्हणे पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, आजी, या नावाचे इथे कुणीच नाही. "मग मी म्हटलं, असेल बाई, नीट पाहा. मग ध्यानात आलं. तिला म्हटलं, हे सासरचं आहे, तेच धर." मुलगी हसली, पासपोर्टाशी तिकीट जुळवून पाहिले आणि बसण्याचा कागद दिला. काम कागदाने केले होते. जिभेला माफी मिळाली.

"पण असं कसं विसरलीस?" मी थोडा चिडूनच विचारले.

आई जरा थांबली. मागे कसली तरी घोषणा चालू होती. "इथं आलं ना," ती म्हणाली, "तर बाबाच विचारतात असं वाटलं."

घरी परतताना मला आठवले. पासपोर्टाच्या अगदी शेवटच्या पानावर वडिलांच्या नावासाठी एक ओळ असते. आईच्या पासपोर्टात ती मीच भरली होती, यंत्रासारखी, अर्थ न पाहता. फोटोच्या पानावर सासरची नदी. शेवटच्या पानावर तो रात्रपाळीचा टपालवाला. जन्मभर सोनेगावला दुसऱ्यांची पत्रे विमानात चढवणारा माणूस त्या पहाटे लेकीच्या पिशवीत बसून स्वतःच निघाला होता.

जानेवारीत बहिणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. चौथ्या दिवशी फोन आला, तो मात्र घाईचा. तिकडे जन्माच्या दाखल्यावर नाव हवे, दाखल्यावाचून बाळाचा पासपोर्ट नाही, पासपोर्टावाचून पुढचे काही नाही. बाराव्या दिवसाची, पाळण्याची, आत्याची वाट पाहायला अर्जाला वेळ नव्हता. जावईबापूंच्या मनात एक नाव, विहीणबाईंच्या मनात दुसरे, बहिणीच्या मनात दोन. "दादा, तू मराठीचा माणूस, तूच सांग. रकान्यात काय लिहू?"

मी शब्दकोश काढायला उठलो. तेवढ्यात पलीकडून आईचा आवाज आला. ती बाळाला न्हाऊ घालीत असावी. पाण्याचा आवाज येत होता.

"काय ठेवायचं ते ठेवा," ती म्हणाली. "पण एकदाच ठेवा."